चिऊ-काऊ आणि आठ बावीसची लोकल

सकाळी आठच्या सुमाराला आमच्या बिल्डिंगचा जिना उतरलात, तर किमान तीन फ्लॅटमधून सेम टू सेम डायलॉग ऐकू येतो. 'आ कर ना राजा... फक्त एक घास... हा बघ चिऊचा... हा काऊचा...' मग आवाज चढतो, मग भांडं आपटतं, मग भोकाड! आणि मग दार उघडून एक आई किंवा बाबा लॅपटॉपची बॅग सावरत धावत सुटतो. शर्टावर उपम्याचा डाग, डोक्यात एकच टेन्शन : आज पण उपाशीच राहिलं गं पोर!

आमच्याकडचा सीनही फार वेगळा नाही. लेक पावणेदोन वर्षांची, नवऱ्याची आठ बावीसची लोकल आणि माझी डेडलाइन. (फ्रीलान्सर म्हणजे 'हिला काय, घरीच तर असते' असं ज्यांना वाटतं, त्यांना माझा कोपरापासून नमस्कार.)

तर मंडळी, मुळात ही पोरं खात का नाहीत? जरा हिशोब मांडू. जन्माला तीन किलोचं असलेलं बाळ वर्षाचं होईपर्यंत साधारण नऊ किलोचं होतं. म्हणजे तिप्पट! पण त्यानंतरच्या अख्ख्या वर्षात वजन वाढतं जेमतेम दोन-अडीच किलो. गाडीचा स्पीड कमी झाला की पेट्रोल कमीच लागणार ना? आपण मात्र वाटी मोठी करत जातो. त्यात उठल्या उठल्या बाटलीभर दूध पोटात गेलेलं. मग तासाभरात पोह्यांसाठी तोंड उघडेल कशाला?

क्लॅरा डेव्हिस नावाच्या अमेरिकन डॉक्टरबाईंनी 1920 आणि 30 च्या दशकांत एक भन्नाट प्रयोग केला होता. अंगावरचं दूध नुकतंच सुटलेल्या बाळांपुढे त्या वेगवेगळे साधे पदार्थ ठेवायच्या आणि काय खायचं, किती खायचं हे त्यांनाच ठरवू द्यायच्या. कुणी एका वेळी हे भरपूर खायचं, तर दुसऱ्या वेळी भलतंच. पण एकूणात पोरं छान वाढली. यातली गोम लक्षात घ्या : निवड बाळांची होती, पण यादी मोठ्यांची. त्या यादीत साखर नव्हती की चिप्स नव्हते!

पुढे 1980 च्या दशकात एलिन सॅटर या आहारतज्ज्ञ बाईंनी याच लाइनवर कामाची वाटणी करून दिली. काय, कधी आणि कुठे खायचं हे आई-बाबांचं डिपार्टमेंट. किती खायचं, किंवा खायचंच नाही, हे पोराचं. आपला सगळा गोंधळ होतो तो दुसऱ्याच्या डिपार्टमेंटमध्ये नाक खुपसल्यामुळे. ऑफिसात बॉसने असं केलं तर आपण काय काय बोलतो, आठवा जरा!

आता घाईच्या सकाळी हे जमवायचं कसं? आमच्या घरात चालणारे फंडे देतेय.

फंडा नं. 1 : दूध नाश्त्याच्या आधी नाही, सोबत किंवा नंतर. आणि शक्यतो कपातून. दिवसभरात अर्ध्या लिटरच्या वर दूध गेलं की भूक मरते आणि लोह कमी पडायला लागतं.

फंडा नं. 2 : उठल्याबरोबर ताट नको. अर्धा-पाऊण तास खेळू द्या. तेवढ्यात तुमची आंघोळ आणि डबा उरकतो.

फंडा नं. 3 : तयारी आदल्या रात्री. फ्रिजमध्ये इडलीचं पीठ, डब्यात थालीपिठाची भाजणी, नाहीतर मऊ भात-मेतकूट-तूप. नाचणीच्या पिठाची आंबोळी तर बेस्टच. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं.

फंडा नं. 4 : वेगळा मेन्यू नाही. आपण जे खातोय तेच, आपल्याच शेजारी बसून. पोहे असतील तर मऊ करा, अख्खे शेंगदाणे काढून टाका (घशात अडकतात!) आणि वर लिंबू पिळा. लिंबातल्या 'क' जीवनसत्त्वामुळे अन्नातलं लोह जास्त शोषलं जातं. चहा-बिस्कीट मात्र बंद, कारण चहा नेमकं उलटं करतो. गंमत म्हणून सांगत नाहीये. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षांच्या वयातली महाराष्ट्रातली 68.9 टक्के मुलं अॅनिमिक निघाली होती.

फंडा नं. 5 : मोबाइल ऑफ. कार्टून लावलं की वाटी रिकामी होते, मान्य. पण पोट भरलं की नाही याकडे पोराचं लक्षच नसतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या गाइडलाइन्सप्रमाणे दोन वर्षांखालच्या मुलांना दूध-कार्टून कॉम्बो सोडाच, स्क्रीनच नको.

फंडा नं. 6 : वीस मिनिटं झाली की ताट उचला. लेक्चर नाही, चिडचिड नाही. दहा-साडेदहाला दुसरा चान्स असतोच. पाळणाघरात जात असेल तर छोटा डबा द्या.

तो दुसरा चान्स आमच्याकडे सासूबाईंच्या ताब्यात आहे. 'तीन घासांत काय होतंय पोरीचं?' हे त्यांचं पेटंट वाक्य. त्यांना सॅटरबाई समजावत बसण्यापेक्षा मी साडेदहाचा स्लॉटच त्यांना देऊन टाकला. त्या वेळेला पोरीला खरीच भूक लागलेली असते, त्यामुळे आजीच्या हातचं थालीपीठ पटापट संपतं. क्रेडिट आजीला, शांतता मला!

नवा पदार्थ पहिल्यांदा थुंकला म्हणून बाद करू नका. आठ-दहा वेळा समोर आल्यावर मग कुठे पोरं त्याला आपलं म्हणतात. वजन घटत असेल, वाढ थांबली असेल, घास गिळताना त्रास होत असेल किंवा पोर मलूल दिसत असेल, तर मात्र फंडे बाजूला ठेवून सरळ डॉक्टर गाठा.

आणि हो, दुपारी ऑफिसातून घरी फोन कराल तेव्हा 'किती खाल्लं?' विचारू नका. 'काय खाल्लं?' विचारा. तेवढंच आपल्या डिपार्टमेंटचं आहे.