भाव चढला की भाव आला?

केंद्र सरकारने २०२५-२६ च्या खरिपासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपयांवरून ५,३२८ रुपये केला आणि मध्यम धाग्याच्या कापसाचा ७,१२१ वरून ७,७१०. अशा निर्णयांची पत्रके आपल्या टेबलावर बहुधा इंग्रजीतच येतात, आणि त्यांत ‘राइज’ हे एकच क्रियापद सगळीकडे राबत असते. भाव, नदी, पारा, सूर्य, कर्ज, इतकेच काय बंडसुद्धा त्या एका शब्दावर वर जाते. मराठीत यातल्या प्रत्येकाचे वर जाणे वेगळे आहे. बातमीदार, उपसंपादक आणि भाषांतरकार या आपल्या तिघांच्याही हातून ते सध्या ‘वाढ झाली’ या दोन शब्दांत सपाट होते आहे.

हमीभावाचेच घ्या. ‘हमीभावात वाढ झाली’ असे लिहिले की वाढवणारा नाहीसा होतो. हमीभाव आपोआप वाढत नाही, सरकार तो वाढवते. मराठीत वाढणे-वाढवणे, चढणे-चढवणे, उठणे-उठवणे अशा जोड्या आहेत. कर्ता माहीत असेल तर दुसरे रूप वापरावे आणि कर्त्याचे नाव लिहावे. शिवाय हमीभाव वाढवला म्हणजे मोंढ्यातला भाव वाढला, असे होत नाही. २०२४-२५ च्या हंगामात मराठवाड्यातल्या शेतकऱ्यांनी सोयाबीन बराच काळ हमीभावाच्या खाली विकले. त्या दिवसांत हर्राशीत शे-पन्नास रुपये जास्त मिळाले की ‘सोयाबीन वधारले’ असा मथळा यायचा. ‘वधारणे’ हा बाजाराचा अस्सल शब्द आहे, त्यात खोट नाही. पण कुठून कुठे वधारले आणि हमीभावापेक्षा अजून किती खाली आहे, हे त्याच वाक्यात नसेल तर भोकरच्या मोंढ्यात माल घेऊन निघालेल्या माणसाची दिशाभूल होते.

याहून मोठा घोळ ‘कडाडणे’ आणि ‘भडकणे’ यांनी केला आहे. कांदा कडाडला, तूर भडकली ही वाक्ये पिशवी घेऊन बाजारात उभ्या असलेल्या माणसाची आहेत. ज्याच्या शेतात तूर उभी आहे त्याच्या तोंडी ‘यंदा तुरीला भाव आला’ हेच वाक्य येते. आपले बहुसंख्य वाचक पिकवणारे आहेत. महानगरात लिहिलेला मथळा जसाच्या तसा उचलून आपण त्यांच्याच घरात त्यांच्या मिळकतीबद्दल तक्रार छापतो. बातमीत दोन्ही बाजू असतील तर ‘भाव चढला’ हा शब्द पुरे. तो कोणाच्याही बाजूने उभा राहत नाही.

‘उठणे’ तर जपूनच वापरावे. बाजार उठला म्हणजे तेजी आली नव्हे. बाजार मोडला, माणसे घरी गेली. यंत्राने केलेले भाषांतर तपासताना या शब्दावर बोट ठेवून पुढे जा.

आता पाणी. भावाच्या बातमीत चुकले तर पैसे जातात, पाण्याच्या बातमीत माणसे जाऊ शकतात, म्हणून इथे जरा थांबतो. नांदेडच्या जुन्या पुलाजवळ गोदावरीची इशारा पातळी ३५१ मीटर आणि धोका पातळी ३५४ मीटर धरतात. ‘गोदावरीच्या पातळीत वाढ’ या मथळ्यातून नदीकाठच्या माणसाला काहीच कळत नाही. पातळी ३४७ वरून ३४८ वर गेली तरी ती वाढच. पाणी चढते आहे, थबकले आहे की उतरू लागले आहे, हे त्याला हवे असते. आणि रस्त्यावरच्या पुलावरून पाणी चालले आहे का, हे तर आधी हवे असते. हे सगळे सांगणारी साधी क्रियापदे आपल्याकडे आहेत.

चढण्याचे कारणही शब्दात दिसायला हवे. पावसाने नदी फुगते ती पाऊस थांबल्यावर ओसरते. धर्माबाद-बिलोलीकडच्या गावांत मात्र खाली तेलंगणातल्या श्रीरामसागर धरणाचा फुगवटा मागे सरकत येतो. आकाश कोरडे असले तरी खालून पाणी सुटेपर्यंत तो हटत नाही. दोन्ही ठिकाणी ‘पाणी वाढले’ असे लिहिले तर गाव चुकीच्या भरवशावर रात्र काढते.

धर्माबाद तालुक्यातल्या बाभळी बंधाऱ्याची बातमी आपल्याकडे दरवर्षी येते. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालाप्रमाणे त्याचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर वर उचललेले ठेवायचे असतात. दरवाजे वर गेले म्हणजे बंधारा मोकळा झाला, पाणी खाली निघाले. ‘दरवाजे उभारले’ असे कोणी लिहिले की वाचणाऱ्याला पाणी अडवल्याचा भास होतो, अगदी उलटा. इथे ‘उचलले’ हा शब्द बरोबर आहे, पण मथळ्यात ‘उघडले’ लिहावे आणि पहिल्याच वाक्यात पाणी कोणत्या बाजूला जाणार ते सांगावे. सुंदर शब्द शोधण्याची ही जागा नाही.

एकाच परिच्छेदात तोच शब्द दोनदा येऊ नये, ही आपल्याला लागलेली सवयही सोडावी लागेल. पहिल्या ओळीत पारा ‘चढला’ म्हणून दुसरीत त्याला ‘उसळी घ्यायला’ लावणे चूक आहे. उसळी एकदम येते आणि लगेच खाली बसते. मे महिन्यातला पारा आठवडाभर बसत नाही. शब्द परत आला तर येऊ द्या. राहणीमान उंचावते, पीक उगवते, व्याज चढते, ताप चढतो. यांच्या जागा एकमेकांना देता येत नाहीत. कोश पर्याय समोर ठेवतो, निवड मात्र प्रसंग पाहून लिहिणाऱ्यानेच करायची असते.

पुढच्या अंकापासून वर जाण्याच्या मराठी क्रियापदांची सूची छापायची आहे. मोंढ्यात, कापसाच्या जिनिंगवर, नदीकाठी, सरकारी कचेरीत तुमच्या कानावर पडलेले क्रियापद आम्हाला पाठवा. पण नुसता शब्द नको. तो ज्या वाक्यात आला ते संपूर्ण वाक्य, बोलणारा विकणारा होता की घेणारा, आणि गाव कोणते, एवढे सोबत लिहा.