थर दिल्याशिवाय गाडी सोडू नका

मे महिन्याच्या उत्तरार्धात प्रत्येक गॅरेजमध्ये वायपर, टायर आणि ब्रेकची कामे रांगेत उभी असतात. या रांगेत हेडलाइटलाही जागा द्या, अशी आमची विनंती आहे. पावसात आंबा घाट किंवा फोंडा घाट रात्री उतरणाऱ्या माणसाला रस्त्याची कड दिसणे हे ब्रेक लागण्याइतकेच महत्त्वाचे आहे. मात्र पिवळे, धुरकट हेडलाइट अर्ध्या तासात घासून चकचकीत करून देण्याची जी पद्धत सध्या रुळली आहे, तिच्याबद्दल आधी बोलायला हवे, कारण त्या पद्धतीने गिऱ्हाइकाचे भले होत नाही.

अ‍ॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या गोल दिव्यांना खरी काच होती. दगड लागला की ती फुटायची, पण पिवळी पडत नव्हती. आताच्या दिव्यांवर पॉलिकार्बोनेट असते. ते हलके आहे, हव्या त्या आकारात ओतता येते, आघात सोसते. पण त्यावर ओरखडे पटकन उठतात आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी ते पिवळे पडून ठिसूळ होते. म्हणून कारखान्यातच त्यावर एक कडक पारदर्शक थर चढवलेला असतो. जाडी जेमतेम काही मायक्रॉन, आणि दिव्याचे आयुष्य त्या थरावर अवलंबून. सोलापूर-नागपूरचे ऊन, किनाऱ्यावरची खारी हवा, महामार्गावरची वाळू आणि रोज सकाळी कोरड्या फडक्याने पुसली जाणारी धूळ यांनी तो विरतो, मग त्याखालचे प्लास्टिक खराब व्हायला लागते. सोसायटीत ठरलेल्या जागी उभ्या राहणाऱ्या गाड्यांचा एकच दिवा जास्त पिवळा का, हे गिऱ्हाईक विचारतात. ती बाजू दक्षिणेला किंवा पश्चिमेला उघडी आहे का, एवढे पाहिले तरी बहुतेक वेळा उत्तर मिळते.

आता आपण काय करतो ते पाहा. ८०० च्या पेपरने घासताना जे पिवळट दुधाळ पाणी वाहते, त्यात त्या थराचे उरलेसुरले अवशेष असतात. पाणी पांढरे यायला लागले की आपण निव्वळ प्लास्टिकवर पोचलो. पुढे १०००, १५००, २०००, शेवटी कंपाउंड आणि बफिंग. दिवा नव्यासारखा दिसतो, गिऱ्हाईक खूश होऊन पैसे देते. पण दिवा आता पूर्वीपेक्षा जास्त उघडा पडलेला आहे. अंगावर काहीच नाही. काही महिन्यांत तो पुन्हा पिवळा पडतो, बहुधा पहिल्यापेक्षा लवकर. टूथपेस्टने घासण्याचा घरगुती उपायही नेमका इथेच फसतो. घासणे ही तयारी झाली. खरे काम नवा थर देण्याचे आहे आणि नेमके तेच आपण वगळतो.

थराचे पर्याय बाजारात पुरेसे आहेत. हार्डनरचा टू-के क्लिअर कोट टिकाऊ, पण तो अतिनील रोधक आहे आणि प्लास्टिकला चालतो याची डब्यावर खात्री करून घ्या. तो मारायचा असेल तर दिवा आरशासारखा पॉलिश करू नका. १५०० च्या बारीक ओरखड्यांवर थराची पकड बसते आणि ओला कोट पडताच ते ओरखडे दिसेनासे होतात. गुळगुळीत पृष्ठभागावर मारलेला कोट वर्षभरात पापुद्र्यासारखा सुटतो. फडक्याने लावायच्या कोटिंगसाठी मात्र ३००० पर्यंत जावे लागते. सिरॅमिक म्हणून विकली जाणारी प्रत्येक बाटली अतिनील किरण अडवतेच असे नाही, ते विक्रेत्याला विचारूनच घ्या. जुन्या थराचा एखादा तुकडाही शिल्लक राहिला तर नव्या कोटखाली त्याची कड उठून दिसते, म्हणून कोपऱ्यांत हात फिरवा. कोट देण्यापूर्वी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि त्यानंतर बोट लावू नका. हे सगळे पावसाच्या आधी उरका. दमट हवेत क्लिअर कोट पांढुरका पडतो.

टू-के मध्ये आयसोसायनेट असते. स्प्रे पेंटरांना होणाऱ्या दम्याचे ते एक ठाऊक असलेले कारण आहे. तोंडाला बांधलेल्या रुमालाने ते अडत नाही. योग्य कार्ट्रिजचा मास्क आणि मोकळी हवा, दोन्ही हवे.

यापेक्षा गंभीर बाब वाफेच्या कपाची आहे. विजेवर तापणाऱ्या छोट्या कपात द्रावण ओतायचे आणि नळीतून येणारी वाफ दिव्यावर फिरवायची. क्षणात दिवा पारदर्शक होतो, म्हणून हा प्रकार झपाट्याने पसरला आहे. यातली बरीच द्रावणे डायक्लोरोमिथेन किंवा क्लोरोफॉर्मच्या जातीची असतात. डायक्लोरोमिथेन श्वासातून शरीरात गेले की त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. क्लोरीनयुक्त वाफ अतिशय तापलेल्या धातूला किंवा ज्योतीला लागली तर फॉस्जीन हा विषारी वायू निर्माण होऊ शकतो. बंद शटरमध्ये दिवसातून पाच-सहा दिवे करणाऱ्या पोराच्या छातीत काय जात असेल याचा विचार मालकाने करायलाच हवा. शिवाय ही वाफ प्लास्टिकचा वरचा पापुद्रा वितळवून गुळगुळीत करते, त्याला संरक्षण देत नाही. द्रावणाच्या संपर्काने पॉलिकार्बोनेटमध्ये ताणाचे बारीक तडे जाण्याचा धोकाही असतो. थिनर, पेट्रोल आणि अ‍ॅसिटोन दिव्याजवळ आणू नये, तेही याच कारणाने. आमचे मत स्पष्ट आहे: हा कप गॅरेजमधून काढून टाका.

प्रत्येक दिवा घासण्याच्या लायकीचा असतोच असे नाही. अंगठ्याचे नख फिरवून पाहा, आत टॉर्च मारून पाहा. जाळीसारखे खोल तडे, आतून धरलेला ओलावा, १००/९० वॉटच्या बल्बने करपलेला रिफ्लेक्टर, यांपैकी काही असेल तर बाहेरून कितीही मेहनत केली तरी प्रकाश वाढणार नाही. तेव्हा गिऱ्हाइकाला नवी असेंब्ली घ्यायला सांगा. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ मध्ये केलेल्या चाचणीत धुरकट दिव्यांचा लो बीमवरचा प्रकाश नव्याच्या तुलनेत अवघा २२ टक्के भरला होता. दुरुस्तीनंतर तो साधारण ७० टक्क्यांपर्यंत आला, पण समोरच्याला होणारी तिरीप मात्र तिथल्या मर्यादेपेक्षा जास्त राहिली. फरक मोठा पडतो, पण दिवा ‘अगदी नवा झाला’ असे गिऱ्हाइकाला सांगणे खरे नाही.

तिरीप वाढू नये म्हणून शेवटी बीम पाहिलाच पाहिजे, आणि इतके साधे काम सर्रास राहून जाते. टायरची हवा नीट करा, आतले लेव्हलिंगचे चाक शून्यावर ठेवा आणि गाडी सपाट जागेवर भिंतीपासून दहा मीटरवर उभी करा. साध्या कारमध्ये डिप्परच्या प्रकाशाची वरची कड दिव्याच्या मध्याच्या उंचीपेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर खाली पडायला हवी आणि तिची चढण डाव्या बाजूला हवी.

बिलावर ‘हेडलाइट पॉलिश’ एवढेच लिहू नका. कोणता थर दिला, कोणत्या तारखेला दिला, किती दिवस डिटर्जंट लावायचा नाही, हे लिहा. गाडी पुन्हा सर्व्हिसिंगला आली की तो थर कसा आहे ते पाहून गाडीच्या कार्डावर नोंद करा. रत्नागिरीत टिकलेला कोट चंद्रपुरात टिकेलच असे नाही, आणि हा फरक कंपनीच्या पत्रकातून कळत नाही, तुमच्या नोंदींतूनच कळेल. अशा नोंदी आमच्याकडे पाठवा. गावाच्या आणि कोटिंगच्या नावासह आम्ही त्या छापू, ज्यात थर टिकला नाही अशाही.