हुशारी आणि माणुसकी

विज्ञानकथा म्हटली की अवकाशयाने आणि यंत्रमानव आठवतात. पण विज्ञानकथा वाचून कधी डोळ्यांत पाणी येईल का? डॅनियल कीज या अमेरिकन लेखकाची 'फ्लॉवर्स फॉर अल्जर्नन' ही १९६६ सालची कादंबरी वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आले.

चार्ली गॉर्डन हा तिचा नायक. वय ३२ वर्षे, पण बुद्धी लहान मुलाएवढी. तो न्यूयॉर्कमधील एका बेकरीत पडेल ते काम करतो आणि चिकाटीने लिहायला-वाचायला शिकतो. शास्त्रज्ञ त्याच्या मेंदूवर शस्त्रक्रिया करतात. हाच प्रयोग आधी अल्जर्नन नावाच्या पांढऱ्या उंदरावर झालेला असतो. चार्लीची बुद्धी झपाट्याने वाढते. तो आपल्या डॉक्टरांच्याही पुढे जातो. पण एक दिवस अल्जर्नन शिकलेले विसरू लागतो आणि शेवटी मरतो. आपलेही असेच होणार, हे चार्ली स्वतःच शोधून काढतो.

ही सारी कथा चार्लीच्याच लेखणीतून उतरली आहे. आरंभीची पाने चुकांनी भरलेली आहेत. पुढे भाषा शुद्ध होते आणि अखेरीस त्याच चुका परत येतात. मराठी ही तुमची दुसरी भाषा. एकेक शब्द बिनचूक लिहायला किती कष्ट पडतात, हे तुम्ही जाणता. असे कमावलेले शब्द हातून निसटताना पाहणे फार कठीण!

बेकरीतले सोबती चार्लीची टिंगल करत. तो त्यांना मित्र समजे. पुढे एका उपाहारगृहात एका मतिमंद मुलाच्या हातून बश्या फुटतात. सगळे हसतात, चार्लीही हसतो. दुसऱ्याच क्षणी त्याला स्वतःचाच संताप येतो. हा प्रसंग मला कादंबरीचा प्राण वाटतो.

शेवट गोड करावा, असे एका संपादकाने मूळ लघुकथेच्या वेळीच सुचवले होते. लेखकाने ते मानले नाही. माझ्या मते त्याने योग्यच केले. चार्ली हुशारच राहिला असता, तर हुशारी हीच माणसाची किंमत, असे आपण समजलो असतो. सारी विद्या गेल्यावरही चार्ली अल्जर्ननच्या कबरीवर फुले ठेवायला सांगतो. बुद्धी गेली, माया उरली.

तुमच्या वर्गात कोणी वाचताना अडखळले आणि सगळे हसू लागले, तर तुम्ही काय कराल?