मुळशीचा सत्याग्रह आणि राज्यघटना

१९२१ साली टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध मुळशीचे मावळे सत्याग्रहास उभे राहिले. सेनापती बापटांनी त्यापायी कारावास सोसला. सरकारच्या हाती १८९४ चा भूसंपादन कायदा होता. त्या कायद्यालाच जाब विचारणारा वरिष्ठ कायदा शेतकऱ्याच्या हाती नव्हता. राज्यघटना म्हणजे नेमका हा वरिष्ठ कायदा. ती सत्ता निर्माण करते आणि त्याच सत्तेला मर्यादाही घालते.

परंतु २६ जानेवारी १९५० रोजी मुळशीचा प्रश्न सुटला काय? जुने कायदे रद्द होईपर्यंत चालू ठेवण्याची तरतूद घटनेच्याच ३७२ व्या अनुच्छेदात होती. त्यामुळे १८९४ चा कायदा, दुरुस्त्यांसह का होईना, प्रजासत्ताकात २०१३ अखेरपर्यंत नांदला. खाजगी कंपनीसाठी जमीन घेताना ८० टक्के बाधित कुटुंबांच्या पूर्वसंमतीची अट २०१३ च्या नव्या कायद्याने घातली, आणि त्या कायद्यामागे ठिकठिकाणच्या विस्थापितांचे दीर्घ लढे उभे होते.

घटना हक्क मागण्याचा अधिकार देते. हक्क आपसूक पदरात टाकत नाही. ते काम संघटित जनतेचे आहे. धरणग्रस्तांच्या वस्तीत घटनेचे वाचन करणाऱ्या कार्यकर्त्याने पुस्तक मिटल्यावर हे विसरता कामा नये.