अतिसूक्ष्म जंतूंचा वाद

जें वाढतें तें सजीव, असें आपणांपैकीं पुष्कळांस वाटतें. परंतु तुरटीचा खडा तिच्याच दाट द्रावणांत टांगून ठेवला तर तोहि वाढतो; त्यास जीव कोणी म्हणत नाहीं. एवढ्याशा गोष्टीवरून मोठमोठ्या शास्त्रज्ञांत अठरा-वीस वर्षें वाद माजला होता.

रॉबर्ट फोक या अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञास इटलींतील व्हितेर्बो येथील उन्हाळ्यांच्या खडकांत अतिशय बारीक गोळे आढळले. ते जंतूच होत, असें त्यांनीं १९९० नंतर प्रतिपादिलें. पुढें १९९८ सालीं फिनलंडांतील काजांडर व चिफ्तचिओलू या संशोधकांनीं तसलेच जंतु मूतखड्यांत सांपडल्याचें लिहिलें. मूतखड्याची कळ ज्यानें सोसली असेल, त्यास ही वार्ता किती आशेची वाटली असेल! जंतु असेल तर त्यावर औषधहि निघेल.

पण जीव म्हटला कीं त्यास आनुवंशिक द्रव्य हवें, प्रथिनें घडविणारीं रायबोसोमें हवींत, भोंवतीं आवरण हवें. हा सारा संसार सुमारें २०० नॅनोमीटरांहून कमी व्यासाच्या घरांत मावणें कठीण, असें अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीनें जमविलेल्या तज्ज्ञांचें मत १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटराचा दशलक्षांश.) २००० सालीं सिसार प्रभृतींनीं दाखविलें कीं, नव्या जंतूची म्हणून सांगितलेली आनुवंशिक खूण ही प्रयोगांत नकळत शिरणाऱ्या एका परिचित जंतूच्या खुणेहून वेगळी काढतां येत नाहीं. २००८ सालीं मार्टेल व यंग यांनीं रक्तद्रवांत चुनखडीचे कण तयार करून दाखविले. ते हुबेहूब त्या ‘जंतूं’सारखेच दिसत. वाढ होती, जीव नव्हता.

फोक यांस हंसणाऱ्यांत आम्ही नाहीं. त्यांनीं डोळे उघडे ठेवून पाहिलें. घाई झाली ती पाहिलेल्या वस्तूस नांव देण्यांत. एकदां नांव पडलें कीं मनुष्य शंका घेण्याचें सोडतो. आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगवह्यांतहि ‘दिसलें’ आणि ‘वाटलें’ हीं एकाच ओळींत नांदतात, आणि पालकहि गुणांपलीकडे पाहात नाहींत, ही आमची जुनी तक्रार आहे. आमच्या मतें, काजांडर यांच्या शोधाइतकाच सिसार यांचा नकारहि विद्यार्थ्यांस शिकविला पाहिजे.

मात्र लहान जंतु नाहींतच, असेंहि कोणीं समजूं नये. कोलोराडोंतील रायफल येथील भूजल अतिबारीक गाळणींतून गाळल्यावर पलीकडे आलेले खरेखुरे जंतु बर्कलेच्या संशोधकांनीं २०१५ सालीं दाखविले. त्यांचें सरासरी आकारमान ०.००९ घन मायक्रोमीटर, म्हणजे तज्ज्ञांनीं आंखलेल्या मर्यादेच्या अगदीं जवळ. त्यांच्या पोटांत आनुवंशिक द्रव्य दाटीनें भरलेलें होतें. रायबोसोमें मोजकींच, पण होतीं.