बंबाचा अर्ज

सणाच्या अंकाचे पहिले पान आगीच्या गोष्टीने काळे करू नये, असे आमच्या मंडळातल्या ज्येष्ठांचे मत पडले. पण वर्षभरात आगीचा हंगाम म्हणावा असा काळ हाच. २९ ऑक्टोबर २०१६ रोजी, ऐन दिवाळीत, औरंगाबादच्या जिल्हा परिषद मैदानावरचा फटाका बाजार बघता बघता खाक झाला होता. तेव्हा ज्येष्ठांची क्षमा मागून विषयाला हात घालतो.

आपल्या भिलाईत आग विझवणाऱ्या व्यवस्था दोन. एक पोलाद कारखान्याची, दुसरी शहराची. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले, तेव्हापासून आगीशी व्यवहार हा कारखान्याचा रोजचाच धंदा आहे. कोक ओव्हनच्या वायूत हायड्रोजन, मिथेन आणि कार्बन मोनॉक्साइड एकत्र नांदतात. तिथे बंब, श्वसनयंत्रे आणि तालमी यांवरचा खर्च कोणी उधळपट्टी म्हणत नाही, कारण एक तास भट्टी बंद पडली तर काय जाते याचा हिशेब सगळ्यांना पाठ असतो. आणि तरीही १२ जून २०१४ च्या वायुगळतीत सहा जण गेले. ९ ऑक्टोबर २०१८ रोजी कोक ओव्हनच्या अकरा क्रमांकाच्या बॅटरीजवळ वायुवाहिनीच्या दुरुस्तीच्या वेळी भडका उडाला. त्यात दगावलेल्यांमध्ये अग्निशमन दलाची माणसेही होती. आपल्यातल्या कित्येक घरांनी ती रात्र सेक्टर ९ च्या रुग्णालयाबाहेर काढली आहे; त्यावर इथे अधिक लिहीत नाही.

आता कुंपणाबाहेर या. सुपेला, पॉवर हाउस, खुर्सीपार, छावनीचा औद्योगिक भाग. इथे आगीचा हिशेब कोण ठेवतो? घटनेच्या बाराव्या अनुसूचीने अग्निशमन हे काम नागरी संस्थांच्या यादीत घातले. छत्तीसगडने पुढे २०१८ मध्ये स्वतंत्र कायदा केला आणि हे खाते नगर सेनेच्या (होमगार्डच्या) छत्राखाली नेले. कागदावर हे ठीकच आहे. पण स्टेशनवरच्या माणसाला फाटलेला होज बदलायचा असेल, तर त्याने कोणत्या दारात उभे राहायचे, हे त्यालाही दर वेळी नव्याने शोधावे लागत असेल.

केंद्राच्या स्थायी अग्नि सल्लागार समितीचा जुना निकष असा: तीन लाख वस्तीपर्यंत दर पन्नास हजारांमागे एक पंप, त्यापुढे दर लाखाला एक. २०११ च्या जनगणनेत भिलाई महापालिकेची लोकसंख्या सव्वासहा लाखांच्या घरात होती (रिसालीचा भाग नंतर वेगळा झाला). म्हणजे नऊ पंप तरी हवेत. आपल्या भागात किती आहेत, हे वाचकांनी स्वतः जाऊन मोजावे. त्यात आणखी एक पेच आहे. पंधरा वर्षे झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून पुढे वाढवून मिळत नाही. जुना बंब इंजिनाने कितीही धडधाकट असला, तरी त्याला निवृत्त व्हावेच लागते.

मग पैसे कुठून आणायचे? गंमत अशी की पैसे आहेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्रीय गृह मंत्रालयाने जुलै २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी पाच हजार कोटींची योजना आणली. त्यातले पाचशे कोटी कायदे आणि व्यवस्था सुधारणाऱ्या राज्यांसाठी राखून ठेवले. बाकी रकमेसाठी प्रस्ताव पाठवायचा आणि एकूण खर्चाचा चौथा हिस्सा राज्याने स्वतः उचलायचा. ईशान्येकडच्या आणि हिमालयीन राज्यांना मात्र एकदशांश. २०२४ च्या नोव्हेंबरात छत्तीसगडचा १४७.७६ कोटींचा प्रस्ताव मंजूर झाला. त्याच बैठकीत ओडिशाला २०१.१० आणि पश्चिम बंगालला ३७६.७६ कोटी मिळाले. आपल्या रकमेला तेहतीस जिल्ह्यांनी भागले, तर जिल्ह्यामागे साडेचार कोटीही पडत नाहीत. अर्थात असा भागाकार सरकार करत नाही. ज्याची गरज नीट मांडली गेली, त्याच्या वाट्याला जास्त येते.

आमचे म्हणणे इथेच सुरू होते. अमेरिकेत २००१ पासून अग्निशमन दलांसाठी केंद्रीय अनुदान आहे. तिथल्या खेड्यातले स्वयंसेवकांचे दलही आपला अर्ज आपण लिहून थेट पाठवते, आणि माणसे नेमण्यासाठी वेगळे अनुदानही मागू शकते. आपल्याकडे स्टेशनला तो अधिकार नाही. त्याची मागणी जिल्ह्यातून संचालनालयात, तिथून राज्याच्या गृह विभागात आणि मग दिल्लीला जाते. या वाटेवर मागणीचे वजन घटत जाते. ‘दोन गाड्या मिळाव्यात’ एवढेच लिहिलेले पत्र पहिल्याच टेबलावर मरते. गेल्या काही वर्षांत कॉल किती आले, कुठून आले, गाडी किती मिनिटांत पोचली, पाणी कुठे भरले, कोणत्या गल्लीत वळली नाही, हे नकाशासह मांडलेले पत्र बाजूला सारणे अवघड असते. हा सगळा तपशील स्टेशनच्या नोंदवहीत असतो. त्यातून अर्ज उभा करणारे कोणी नसते.

अर्ज रखडण्याची किंमत आपल्या रस्त्यावरच्या गावाने मोजली आहे. नागपूरला जाताना भंडारा लागते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे तिथल्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात अर्भकांच्या कक्षात आग लागून दहा बाळे दगावली. तिथला अग्निसुरक्षेचा प्रस्ताव मंजुरीविना पडून होता, असे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रायपूरच्या एका खासगी कोविड रुग्णालयातही आग लागून रुग्ण गेले.

अनुदानाची मर्यादाही सांगायला हवी. त्यातून स्टेशन, गाडी, उपकरणे, प्रशिक्षण केंद्र होते. ड्रायव्हरचा आणि फायरमनचा पगार राज्यालाच द्यावा लागतो. त्यामुळे नव्या गाडीला नारळ फुटतो, फोटो छापून येतो, आणि तिसऱ्या पाळीला ती चालवायला माणूस नसतो. माणसे नेमली, तर शिकवण्याची सोय मात्र जवळ आहे: देशभरचे अग्निशमन अधिकारी घडवणारे राष्ट्रीय महाविद्यालय १९५७ पासून नागपुरात आहे, इथून गाडीने काही तासांवर. प्रशिक्षणासाठी जागा शोधत फिरण्याची वेळ भिलाईवर तरी नाही.

पंधराव्या आयोगाचा काळ ३१ मार्च २०२६ पर्यंतचा, आणि १ एप्रिल २०२६ पासून सोळाव्याचा. मिळालेल्या पैशांची उपयोगिता प्रमाणपत्रे वेळेत गेली नाहीत, तर पुढच्या मागणीला तोंड उरत नाही. आपल्या पार्षदाला हे दोन प्रश्न विचारा: मंजूर रकमेतून दुर्ग जिल्ह्याला काय आले, आणि पुढच्या प्रस्तावात भिलाईसाठी काय मागितले आहे?

आणि कारखान्यातून निवृत्त झालेल्या आमच्या वाचकांना एक वेगळी विनंती. कोट्यवधींच्या यंत्रांचे प्रकल्प अहवाल लिहिण्यात, वित्त विभागाच्या शंका खोडून काढण्यात तुमची हयात गेली. ती विद्या आता सकाळच्या फिरण्यातल्या गप्पांपुरती उरली आहे. दिवाळीनंतर आपल्यातल्या चार-पाच जणांनी अग्निशमन केंद्रात जाऊन अधिकाऱ्यांना भेटावे, नोंदवही बघू द्या म्हणावे, आणि प्रस्तावाचा मसुदा करून द्यावा. नावे मंडळाच्या कार्यालयात नोंदवा. पहिली बैठक तुळशीच्या लग्नानंतरच्या रविवारी घेऊ.