माजी अधिकाऱ्यावरचा राज्यातला खटला केंद्राकडे जातो का?

डोनाल्ड ट्रम्प यांचे माजी चीफ ऑफ स्टाफ मार्क मेडोज यांना जॉर्जिया राज्यातला आपल्यावरचा खटला केंद्रीय न्यायालयात हवा होता. डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने नकार दिला. ही सोय पदावर असलेल्यांसाठी आहे, माजी अधिकाऱ्यांसाठी नाही, असं कारण दिलं.

भारतात असं होतं का?

नाही. आपल्याकडे राज्याची आणि केंद्राची न्यायालयं वेगवेगळी नाहीत. छत्रपती संभाजीनगरचं सत्र न्यायालय, मुंबई उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ आणि सर्वोच्च न्यायालय या एकाच व्यवस्थेच्या पायऱ्या आहेत. खटला राज्याबाहेर हलवायचा तर सर्वोच्च न्यायालयातच जावं लागतं.

मग केंद्राकडे काय जातं?

तपास. मुंबईचे माजी पोलीस आयुक्त परमबीर सिंह यांच्यावरचे गुन्हे सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०२२ रोजी राज्य पोलिसांकडून काढून सीबीआयकडे दिले. सीबीआयला दिलेली सरसकट संमती महाराष्ट्राने ऑक्टोबर २०२० मध्येच मागे घेतली होती. पण सर्वोच्च आणि उच्च न्यायालयं राज्याच्या संमतीशिवायही सीबीआय तपासाचा आदेश देऊ शकतात, हे २०१० मध्येच ठरलं आहे.

म्हणजे क्लीन चिट मिळाली?

अजिबात नाही. तेव्हा न्यायालयाने गुन्हे रद्द केले नाहीत, निलंबनही उठवलं नाही. ‘केस सीबीआयकडे गेली’ याचा अर्थ एवढाच की तपास करणारे बदलले. पण सीबीआय केंद्राच्या हाताखाली आहे. त्यामुळे राज्यात आणि केंद्रात वेगवेगळ्या पक्षांची सत्ता असली की तपास कोणाकडे, यावरूनच वाद पेटतो.